नववा आठवडा, लघवीला जळजळ आणि तायी कार्डावरची दोन ओळींची जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांकडे नवव्या आठवड्याची पहिलटकरीण आली. चार दिवस लघवीला जळजळ, ताप नाही, लघवीच्या रिपोर्टात 'पस सेल्स (पुवाच्या पेशी) ८ ते १०'. केंद्राच्या कपाटात अँटिबायोटिकांपैकी नॉरफ्लॉक्सॅसिन, कोट्रायमॉक्सॅझोल, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन आहे. काय द्यावं, एवढ्यासाठी बेळगावला कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवायची खरंच गरज आहे का, आणि तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या नोंदींच्या कार्डावर, किती लिहावं, असं त्यांनी विचारलंय. बाई पुढच्या महिन्यात माहेरी, महाराष्ट्रातल्या चंदगडला जाणार आहे, हे प्रश्नात अगदी शेवटी जाता जाता आलंय. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

आधी आजचं काम सांगते. तिला अ‍ॅलर्जी विचारा, कल्चरचा नमुना घ्या आणि सेफॅलेक्सिन सुरू करा: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. क्रम हाच ठेवा. पहिली गोळी पोटात गेल्यावर घेतलेलं कल्चर बऱ्याचदा 'वाढ नाही' असं येतं आणि मग तिला संसर्ग होता की नव्हता, हे कुणालाच कळत नाही. अ‍ॅलर्जी विचारताना तो शब्द वापरू नका, आपल्याकडच्या बायका 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. 'कधी सुई घेऊन किंवा गोळी खाऊन अंगावर गांधी उठल्या होत्या का, तोंड सुजलं होतं का, दम लागला होता का' असं विचारलं की लहानपणची गोष्ट बाहेर येते.

आता जरा मागे जाऊ, कारण खरी चूक गोळी निवडण्याच्या आधीच होते.

आपल्या भागात बाई 'जळजळ' म्हणतेच असं नाही. मराठी बाई म्हणेल 'उन्हाळी लागलीय', कन्नड बोलणारी 'उरी मूत्र' म्हणेल, आणि दोघींच्याही घरी त्याला 'उष्णता' हेच कारण ठरलेलं असतं. तोवर धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सगळं होऊन गेलेलं असतं. त्यानं नुकसान काही होत नाही, पाणी पोटात जातं हे बरंच. पण त्यात आठवडा जातो. सासू शेजारी बसलेली असेल तर निम्म्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत. मी सासूबाईंना केसपेपर काढायला बाहेर पाठवते आणि तेवढ्या पाच मिनिटांत अंगावरून पांढरं जातं का, खाज आहे का, संबंधानंतर त्रास वाढतो का, हे विचारून घेते.

वारंवार लघवीला जावं लागणं ही पहिल्या तीन महिन्यांत तक्रार नसते, ती बहुतेकींची नेहमीची अवस्था असते. तेवढ्यावरून निदान करू नका. लघवी करताना जळजळ, ओटीपोटात कळ, घाईनं लागणं आणि थेंब थेंब होणं, लघवीत रक्त, या गोष्टी वजनदार. जळजळ 'आत' होते की 'बाहेर लागल्यावर चरचरतं', हा एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही. बाहेर चरचरत असेल, खाज असेल, दह्यासारखं पांढरं जात असेल तर ते बुरशीचं काम. गरोदरपणात ते फार दिसतं, आणि अँटिबायोटिक दिलं की आणखी वाढतं. पस सेल्सही त्यातूनच लघवीत उतरतात. म्हणजे 'पस सेल्स ८ ते १०' हा कागद हातात घेऊन आलेल्या काही बायकांच्या मूत्राशयात काहीच नसतं. न तपासता गोळ्या दिल्या तर ती आठवड्यानं आणखी खाज घेऊन परत येते, आणि आपण गोळी बदलून देतो. हे चक्र मी पुष्कळ पाहिलंय, सुरुवातीच्या दिवसांत स्वतःही चालवलंय.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर. माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी सहा आठवड्यांची एक बाई आली. 'बाई, लघवीला बसलं की खाली कळ येते,' म्हणाली. मी लघवीचा संसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रात्री तिला जीपमध्ये आडवी घालून आणली, पांढरीफटक पडलेली, नाडी हाताला लागत नव्हती. गर्भ नळीत होता आणि नळी फुटली होती. वाचली, पण मी तिचं पोट तपासलं होतं का, हे माझ्या त्या दिवशीच्या केसपेपरवरून मलाच कळेना. त्यावर 'यूटीआय' एवढंच लिहिलेलं होतं. तेव्हापासून गर्भ पिशवीतच आहे हे सोनोग्राफीत दिसलेलं नसेल, तर ओटीपोटात दुखणाऱ्या प्रत्येक बाईची नाडी, बीपी, पोट बघते, काळपट डाग गेला का, खांदा दुखतो का, चक्कर आली का, हे विचारते, आणि ते 'नाही' असेल तर 'नाही' असं लिहितेही. तुमच्या बाईची सोनोग्राफी झालीय का, हे प्रश्नात नाही. झाली नसेल तर आधी ते बघा.

पाळीची तारीखही अशीच. 'तारीख आठवत नाही' म्हणणारीला सणावरून विचारा. सौंदत्तीच्या यात्रेच्या आधी की नंतर, बेंदराला अंगावर होती का, असं विचारलं की तारीख दोन-चार दिवसांच्या फरकानं हाती येते. याचा औषधाशी थेट संबंध आहे. कुठलं औषध चालतं आणि कुठलं नाही, हे आठवड्यांवर ठरतं. याच कारणासाठी, गरोदर म्हणून नव्हे तर नुसती उन्हाळीची तक्रार घेऊन आलेल्या तरुण बाईलाही शेवटची पाळी विचारल्याशिवाय नॉरफ्लॉक्सॅसिन लिहू नका. पाचव्या आठवड्यात बऱ्याच जणींना स्वतःलाच माहीत नसतं.

गरोदरपणात याला एवढं महत्त्व का, ते थोडक्यात सांगते. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, पुढे वाढती पिशवी त्यांच्यावर दाब देते आणि तीही उजवीकडे जास्त कललेली असते. लघवी साचून राहते. म्हणूनच किडनीचा संसर्ग उजव्या बाजूला जास्त दिसतो. गरोदर बायकांपैकी साधारण २ ते १० टक्के जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. ते तसेच सोडले तर त्यातल्या पाव ते एक तृतीयांश जणींत संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो, आणि वेळेवर औषध दिलं तर हे प्रमाण खूप खाली येतं. म्हणून जळजळ नसलेल्या बाईचंही पहिल्या भेटीत, किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, एकदा कल्चर व्हायला हवं. गरोदर नसलेल्या धडधाकट बाईत त्रास नसलेले जंतू आपण सोडून देतो, गरोदर बाईत सोडत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. निपाणीकडे बायका सकाळपासून विड्या वळायला बसतात, अथणी-रायबागला ऊसतोडीच्या फडात असतात, चंदगड-खानापूरला काजूच्या कारखान्यात उभ्या असतात. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यात तिसऱ्या महिन्यातल्या उलट्या. 'भरपूर पाणी प्या' हे आपलं वाक्य त्यांच्या कानावरून जातं. त्याऐवजी 'कामावर जाताना बाटली ने, ती दुपारच्या जेवणापर्यंत संपली पाहिजे, आणि लागली की दाबून धरू नको, मुकादमाला सांगायला लाज वाटत असेल तर सोबतच्या बाईला घेऊन जा' एवढं सांगितलं तर निदान ऐकून घेतात.

आता नमुना. या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे.

जांबोटीकडची एक बाई मागे घरूनच लघवी घेऊन आली होती, छोट्या काचेच्या बाटलीत, वर घट्ट बूच, पदरात गुंडाळून. लघवी तपासायची पट्टी, म्हणजे स्ट्रिप, बुडवली तर साखर तीन प्लस. सिस्टर घाबरल्या, मधुमेहाच्या तपासण्या लिहायची तयारी झाली. मी बाटली हुंगली. मधाची होती. जंगलातला मध संपल्यावर धुऊन ठेवलेली. रक्तातली साखर केली तर अगदी व्यवस्थित. तेव्हा घरून आणलेली लघवी कल्चरला नाही, एवढा नियम केंद्रावर लावून टाका.

निर्जंतुक डबी द्या आणि सांगा: आधी हात धू, खालची जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धू, साबण-डेटॉल नको. एका हाताच्या दोन बोटांनी जागा बाजूला कर, पहिली धार जाऊ दे, मग चालू धारेत डबी धर, शेवटचं सोडून दे. डबीच्या आत बोट घालू नको. हे सांगायला दीड मिनिट लागतं. न सांगितल्यामुळे 'मिश्र वाढ' असा रिपोर्ट येतो आणि पुन्हा बस, पुन्हा रजा. मिश्र वाढ म्हणजे बहुतेक वेळा बाहेरचे जंतू मिसळलेत, नमुना परत घ्यायचा. त्यावर औषध द्यायचं नाही.

डबी प्रयोगशाळेत दोन तासांत पोचली पाहिजे, नाही तर थंड ठेवायची. कणकुंबीकडून पावसाळ्यात बेळगावला यायचं म्हणजे दोन तास कधी होतात ते एसटीवाल्यालाही सांगता येत नाही. फ्रीजमध्ये सुमारे ४ अंशाला चोवीस तास चालतं, आणि प्रवासात बर्फाच्या पॅकच्या डब्यात. पण एक लक्षात ठेवा, लसींच्या फ्रीजमध्ये लघवीची डबी ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी. बोरिक अ‍ॅसिडच्या डब्या मिळाल्या तर सगळ्यात उत्तम, नमुना बाहेरही टिकतो, फक्त रेघेपर्यंत भरायच्या.

स्ट्रिपवर फार विसंबू नका. बरेच जंतू लघवीत नायट्राइट बनवतात, ते स्ट्रिपवर आलं तर संसर्गाची शक्यता बळकट होते. आलं नाही म्हणून संसर्ग नाही असं होत नाही. लघवी मूत्राशयात चारेक तास राहिली तरच नायट्राइट तयार होतं, आणि दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या गरोदर बाईत ते होणार कसं? शिवाय एन्टेरोकॉकस आणि ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू नायट्राइट बनवतच नाहीत.

कल्चरचा रिपोर्ट आला की एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा त्याहून जास्त, आणि एकाच जातीचे जंतू असतील तर त्रास नसला तरी उपचार. त्रास असेल तर त्याहून कमी आकडाही दुर्लक्षून चालत नाही. बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, मग क्लेब्सिएला, प्रोटियस वगैरे. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आला तर आकडा कितीही लहान असो, कार्डाच्या पहिल्या पानावर लिहा, कारण त्या बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन लागेल. सात महिन्यांनंतर, कदाचित दुसऱ्याच राज्यात, रात्री दोन वाजता. तिथल्या सिस्टरना तुमची लॅब कुठली होती ते माहीत असणार नाही.

रिपोर्टाच्या खाली 'सेन्सिटिव्ह' म्हणून दहा-बारा औषधांची यादी असते. त्यातलं वरचं उचलायचं ही सवय मोडा. प्रयोगशाळेला बाई गरोदर आहे हे माहीत नसतं, म्हणून मागणीच्या कागदावरच 'गरोदर, ९ आठवडे' असं लिहा.

तुमच्या कपाटातल्या चार औषधांबद्दल सांगायचं तर नॉरफ्लॉक्सॅसिन आणि त्याची सगळी भावंडं गरोदरपणात बाजूलाच. कोट्रायमॉक्सॅझोलमधला ट्रायमेथोप्रिम फॉलिक अ‍ॅसिडच्या विरुद्ध काम करतो. एका हातानं फॉलिक अ‍ॅसिडची गोळी द्यायची आणि दुसऱ्यानं ती खोडायची, असं पहिल्या तीन महिन्यांत करू नका. दिवस भरत आल्यावरही त्यातला सल्फा नको. अमॉक्सिसिलिन बाळाला सुरक्षित आहे, पण आपल्याकडचा ई. कोलाय त्याला फारसा जुमानत नाही, तेव्हा कल्चरमध्ये चालतं असं आलं तरच. उरलं सेफॅलेक्सिन. तेही बिनचूक नाही: एन्टेरोकॉकसवर सेफॅलेक्सिनचा काहीच उपयोग नाही, आणि ईएसबीएल (अशी औषधं निकामी करणारं एन्झाइम) बनवणाऱ्या जंतूंवर ते हरतं. म्हणून कल्चर. 'एवढ्यासाठी पाठवायचं का' याचं उत्तर हेच आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन चांगलं औषध आहे, जंतूंनी त्याला अजून बरंच जुमानलंय. पहिल्या तीन महिन्यांत दुसरा योग्य पर्याय नसेल तरच, असा संकेत आहे. मी तो पाळते, पण रिपोर्टात तेवढंच चालतं असं आलं तर घाबरून बाईला बिनउपचाराची ठेवत नाही. १०० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारं, दिवसातून दोन वेळा, जेवणाबरोबर, पाच ते सात दिवस. प्रोटियसवर चालत नाही, जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर नाही, आणि दिवस भरत आल्यावर नाही. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते हे आधी सांगून ठेवा, नाही तर 'रक्त जातंय' म्हणून बाई दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करते. त्याच्यासोबत ते गोडसर आंबटसर सिरप लिहू नका, जे आपण जळजळ म्हटल्यावर हात न थांबता लिहितो. ते लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवी मानवते. एकाच चिठ्ठीवर दोघांची नावं मी आठवड्यातून एकदा तरी बघते.

फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून रात्री झोपताना, मूत्राशय रिकामं करून. ज्या बाईला सात दिवस गोळ्या पोटात टिकत नाहीत, उलट्या होताहेत, तिला मी ही देते. मात्र संसर्ग किडनीत गेला असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन दोन्ही नकोत, ती दोन्ही किडनीच्या ऊतीत पुरेशी पोचत नाहीत.

किडनीचा संसर्ग ओळखणं पहिल्या तीन महिन्यांत फसवं असतं, कारण उलट्या तशाही असतातच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, हुडहुडी, कुशीत पाठीमागे बरगडीखाली दुखणं, तिथं हलकेच ठोकलं की बाई दचकते. अशी बाई केंद्रावर ठेवायची नाही. कल्चरचा नमुना घ्या, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा १ ग्रॅमचा पहिला डोस शिरेतून द्या, सलाईन लावा, तापाला पॅरासिटामॉल, आणि १०८ बोलवून सिव्हिलला किंवा जिथं आयसीयू आहे तिथं. आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक नको. ताप उतरून ४८ तास झाले की गोळ्यांवर आणून एकूण १४ दिवस. श्वास वाढला, बीपी घसरलं तर हे जंतूंचं विष रक्तात उतरल्याचं लक्षण. गरोदर बाईचं फुप्फुस यात फार लवकर भरतं. एकदा किडनीचा संसर्ग झालेल्या बाईला मी उरलेल्या गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर चार ते सहा आठवडे रात्रीचा एक छोटा डोस चालू ठेवते. त्यात किडनीची सोनोग्राफी सांगितलीत तरी बाई गरोदर आहे, तेव्हा गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालचा फॉर्म एफ भरला जाईल याची खातरी करून घ्या.

आता लिहिण्याबद्दल. तुम्ही हे शेवटी विचारलंत, मी तिथंच जास्त वेळ घेणार.

आपल्या भागातली बाई गरोदरपणात तीन-चार हातांतून जाते. तायी कार्ड इथलं, छापील मजकूर कन्नडमधला. पुढे माहेरी गेली की चंदगडला किंवा गडहिंग्लजला तिथलं मराठीतलं माता-बाल संरक्षण कार्ड निघतं. मधे एखादी चक्कर खासगी दवाखान्यात, तिथली चिठ्ठी इंग्रजीत. बाई स्वतः मराठी वाचते, नवरा दोन्ही वाचतो पण दवाखान्यात तो सोबत नसतो. यात तुमची नोंद अनोळखी माणसाला कळली तर ती नोंद.

सोळाव्या आठवड्यात हुडहुडी घेऊन एक बाई माझ्याकडे आली होती. सोबत एका दवाखान्याची चिठ्ठी, त्यावर 'यूटीआय' आणि खाली एक गिरगटलेलं नाव, 'पाच दिवस'. औषध कुठलं ते मला वाचता आलं नाही, औषधाच्या दुकानदारालाही नाही. 'लघवी तपासायला पाठवली होती,' ती म्हणाली. मी फोन केला. कल्चरचा रिपोर्ट अकरा दिवस तिथल्या खणात पडून होता, आणि दिलेल्या औषधाला जंतू दाद देत नव्हता. बाई माहेरी गेली, तिचा फोन नंबर कुणी घेतलेला नव्हता. कल्चर पाठवण्याचं कष्टाचं काम त्यांनी केलं होतं. राहिलं ते एका ओळीचं.

तुमच्या बाईची नोंद मी अशी केली असती. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर हा:

'६ ऑगस्ट. वय २३, पहिली खेप. शेवटची पाळी ४ जून, खात्रीची. आज ९ आठवडे. सोनोग्राफी: गर्भ पिशवीत, ठोके आहेत. चार दिवस लघवी करताना आत जळजळ, घाईनं लागते. ताप, थंडी, कुशीत दुखणं, लघवीत रक्त, अंगावरून जाणं, खाज: विचारलं, नाही. मळमळ आहे, गोळ्या टिकतात. आधी असा त्रास नाही, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक नाही. औषधाची अ‍ॅलर्जी: विचारली, नाही. ताप ९८.४, नाडी ८४, बीपी ११०/७०. पोट मऊ, कुशीत ठोकल्यावर दुखत नाही. स्ट्रिप: नायट्राइट नाही, ल्युकोसाइट दोन प्लस, साखर नाही. कल्चर औषधाआधी घेतलं, सकाळी १०.१५. निदान: मूत्राशयाचा संसर्ग वाटतो, कल्चर बाकी. सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १३ ऑगस्टच्या सकाळपर्यंत. रिपोर्ट ९ ऑगस्टला मी बघणार. ताप, हुडहुडी, कुशीत दुखणं, उलटीनं गोळ्या पडणं, रक्त जाणं: त्याच दिवशी यायला सांगितलं, मराठीतून, बाई आणि नवरा दोघांना. औषध संपल्यावर आठवड्यानं, २० ऑगस्टला, पुन्हा कल्चर. १ सप्टेंबरनंतर माहेरी चंदगडला. तिचा आणि तिच्या भावाचा फोन घेतला.'

लिहायला चार मिनिटं. औषधाचं नाव ठळक मोठ्या अक्षरांत, कंपनीचं नाही, मूळ औषधाचं. वैद्यक परिषदेचा नियमही २०१६ पासून तेच सांगतो. तारीख लिहिताना महिना अक्षरांत, कारण ६/८ कुणी कसंही वाचतं.

'यूटीआय' या तीन अक्षरांवर माझा राग आहे, तो इथंच काढते. त्रास नसताना सापडलेले जंतू, मूत्राशयाचा संसर्ग, किडनीचा संसर्ग, या तिन्हींचे उपचार वेगळे, धोका वेगळा. कुठला ते लिहा. भरती झालेल्या बाईच्या कागदावर रोगाचा कोड टाकावा लागतो, तिथंही किडनीसाठी ओ२३.०, मूत्राशयासाठी ओ२३.१ असं वेगळं आहे. नक्की माहीत नसेल तेव्हाच ओ२३.४.

तायी कार्डावर जागा दोन ओळींची. तिथं वरची सगळी कथा मावणार नाही, ती तुमच्या रजिस्टरात राहू दे. कार्डावर एवढंच: आठवडा, काय सापडलं, कुठलं औषध किती दिवस, पुढचं कल्चर कधी. रिपोर्ट आल्यावर जंतूचं नाव आणि त्याला न लागू पडणारी औषधं. कल्चरच्या कागदाचा फोटो बाईच्या फोनमध्ये तुम्हीच काढून द्या. कागद घरी गेला की गॅसच्या पुस्तकात, रेशन कार्डात, कुठंही जातो. फोन हातातच असतो.

तुमच्या सिस्टरना एक वही लावून द्या: पाठवलेली कल्चरं, तारीख, रिपोर्ट आला का, बाईला कळवलं का. शेवटचा रकाना रिकामा असलेलं नाव आशाताईंच्या हातात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी ही वही उघडली तर महिन्याचा निकाल तिथंच लागतो.

रिपोर्ट 'वाढ नाही' असा आला आणि जळजळ चालूच असेल तर गोळ्या वाढवू नका, पुन्हा तपासा. तेव्हा मी योनीमार्ग बघते आणि लैंगिक संसर्गाचा विचार करते. मग नवऱ्याचाही उपचार लागू शकतो. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात नवऱ्याला गोळ्या देण्याचं कारण नाही.

शनिवारचं तेवढं सांभाळा. दुपारनंतर घेतलेली डबी रविवारी कुणी उघडत नाही आणि सोमवारपर्यंत तिचं लोणचं होतं. शनिवारी उशिरा आलेल्या बाईची डबी मी तिच्याच माणसाच्या हातात देते आणि दुचाकीवरून तडक प्रयोगशाळेत पाठवते. आतापर्यंत एकच नवरा मधे चहाला थांबला, आणि त्यानंही डबी बर्फातच ठेवली होती.